पाचवे चाक

पाचवे चाक : ओढणारे वाहन आणि आपल्या भाराचा पुढील भाग त्याच्या पाठीवर टाकून चालणारा ट्रेलर यांना जोडणारा यांत्रिक सांधा. हा सांधा आडव्या पातळीत फिरू शकतो. त्यामुळे वळणावर दोन्ही वाहने एकमेकांशी कोन करू शकतात व चढउतारावर पुढेमागे काहीशी कलूही शकतात. नावात चाक असले, तरी हा भाग जमिनीवर फिरत नाही. ती लोखंडाची वा पोलादाची एक जड तबकडी असून ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसाच्या वर, सांगाड्यावर बोल्टांनी बसविलेली असते. अशा ओढणाऱ्या वाहनाला भारतातील चालक व कारागीर ‘घोडा’ म्हणतात. तबकडीचे वजन सर्वसाधारणपणे १०० ते २०० किग्रॅ. असते. झीज, मोडतोड किंवा कामातील बदल यांमुळे ती वेळोवेळी उतरवून पुन्हा बसवावी लागते. या कामात राहिलेली उणीव उभ्या वाहनात सहसा दिसत नाही. ती घाटात, भार ओढताना प्रकट होते. म्हणूनच हे काम साधे दिसत असले, तरी वाहनाच्या देखभालीत त्याला वेगळे महत्त्व आहे.

नाव व इतिहास : घोडागाडीच्या पुढच्या आसाला वळता यावे म्हणून आस व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवीत. चार चाकांच्या गाडीतील हे आडवे कडे म्हणजे जणू पाचवे चाकच, म्हणून त्यास हे नाव पडले. मोटारी आल्यावर नाव तसेच राहिले, फक्त वस्तू बदलली. अमेरिकेतील डिट्रॉइट शहरातील लोहार व गाडीकार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये फोर्ड मोटारीला जोडून होडी वाहून नेण्यासाठी एक गाडी तयार केली. तिच्या पुढच्या बाजूला चाके नव्हती. तो भार मोटारीवरच टेकत असे. अशा गाडीला पुढे ‘सेमी-ट्रेलर’ हे नाव रूढ झाले. सु. १९१५ मध्ये चार्ल्स मार्टिन यांनी पुढेमागे झुलू शकणारे पाचवे चाक प्रचारात आणले. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर सांगाड्याला बसणारा ताण कमी झाला. विमानविद्येतील संशोधक ग्लेन कर्टिस यांनी १९२०–३० या दशकाच्या अखेरीस निर्माण केलेल्या प्रवासी ट्रेलरमध्ये हवा भरलेले चाक आडवे ठेवून त्यातच सांधा बसविला होता. नंतरच्या काळात खुंट व जबडा ही पद्धत सर्वमान्य झाली आणि खुंटाच्या मापांना आंतरराष्ट्रीय मानके मिळाली.

रचना : तबकडीच्या मागील बाजूस इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद खाच असते. ट्रेलरच्या तळपट्टाखाली एक पोलादी खुंट असतो, त्यास किंगपिन म्हणतात. घोडा मागे येताना हा खुंट खाचेतून आत सरकतो व मध्यभागी असलेल्या जबड्यात शिरतो. जबडा खुंटाभोवती बंद होतो आणि एक पाचर किंवा अडसर त्याच्यामागे सरकून त्यास उघडू देत नाही. जबडा सोडण्यासाठी बाजूस एक ओढदांडा असतो. तबकडी दोन्ही बाजूंना खिळींच्या साहाय्याने आधार-खुरांवर टेकलेली असल्यामुळे ती पुढेमागे झुलते. हे खूर एका पायापट्टीवर व पायापट्टी वाहनाच्या सांगाड्यावर बोल्टांनी आवळलेली असते. काही वाहनांत पायापट्टीवर तबकडी पुढेमागे सरकविण्याचीही सोय असते.

किंगपिनाची दोन मापे प्रचलित आहेत. मानेपाशी ५०.८ मिमी. (२ इंच) व्यासाचा खुंट सर्वसाधारण मालवाहतुकीसाठी आणि ८८.९ मिमी. (३.५ इंच) व्यासाचा खुंट अतिजड यंत्रसामग्रीच्या वाहतुकीसाठी वापरतात. पहिल्या मापाच्या मानेचा काटछेद सु. २० चौ. सेंमी. भरतो. म्हणजे भरलेल्या ट्रेलरची जवळजवळ सर्व ओढ तळहाताहून पुष्कळ लहान अशा पोलादी छेदातून जाते.

सांध्यावरील बले : सांध्यावर दोन प्रकारचे भार येतात. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग तबकडीवर उभा दाबतो. ओढ व रोध यांची आडवी बले किंगपिनावर येतात. एकूण ३० टन वजनाचा ट्रेलर २० मीटरांना १ मीटर अशा चढावर उभा असला, तर उताराच्या दिशेने त्याच्या वजनाचा सु. दीड टन इतका घटक सतत मागे ओढत असतो. चढावर गाडी सुरू करताना बसणारा हिसका याहून अधिक असतो. उतारावर याच्या उलट घडते. ट्रेलर घोड्याला पुढे ढकलतो आणि जबड्यात फट असेल, तर ब्रेक लावताना व सोडताना खुंट पुढेमागे आपटत राहतो. दर आपटीने फट वाढते व वाढलेली फट पुढची आपटी जोरदार करते. त्यामुळे जबड्याची झीज एका मर्यादेनंतर झपाट्याने वाढते.

शहापूर–मुरबाड भागातील वाहतूक : ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून त्यांतून घाटमाथ्याकडे जाणारे दोन महत्त्वाचे मार्ग आहेत. मुंबई–आग्रा मार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३) वासिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी यांवरून कसाऱ्यास येतो व थळ किंवा कसारा घाटाने इगतपुरीकडे चढतो. कल्याण–मुरबाड मार्ग (पूर्वीचा क्र. २२२, नंतरचा क्र. ६१) माळशेज घाटाने अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जातो. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यानंतर नाशिक व उत्तरेकडील प्रदेशांशी होणारी पेट्यांची, म्हणजे कंटेनरांची वाहतूक पहिल्या मार्गाने वाढली. वासिंद परिसरातील पोलादी पत्र्यांच्या उद्योगामुळे पत्र्याच्या जड गुंडाळ्याही ट्रेलरवरून जातात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा सु. ७६ किमी.चा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो व घाटाचा चढ बोगद्यांनी टाळतो. तरीही जुन्या महामार्गाच्या कडेची लहान दुरुस्तीगृहे ही या भागातील ट्रेलर-दुरुस्तीची नेहमीची स्थाने आहेत.

या भागात दर वर्षी २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तबकडीवरील ग्रीज पावसाने धुऊन जाते. पावसाळ्यानंतर धूळ ग्रीजमध्ये मिसळून घासकामाच्या लेपासारखी काम करते. कोरडी पडलेली तबकडी ट्रेलरला सहज फिरू देत नाही. अशा वेळी वळणावर घोड्याची पुढची चाके सरळ रेटली जातात व सुकाणू जड लागते. घाटातील तीव्र वळणावर हा दोष विशेष घातक ठरतो.

पाचवे चाक काढणे : प्रथम ट्रेलर सपाट व टणक जमिनीवर उभा करून त्याचे ब्रेक लावतात आणि चाकांच्या पुढेमागे लाकडी ओंडके घालतात. ट्रेलरचे आधारपाय जमिनीला टेकवितात. जमीन मऊ असल्यास त्यांखाली जाड फळ्या देणे आवश्यक असते, कारण भातखाचरालगतच्या भरावावर उभा केलेला भरलेला ट्रेलर आधारपायांसह खचू शकतो. हवेच्या नळ्या व विजेची जोडणी सोडवून, ओढदांडा ओढून जबडा मोकळा करतात व घोडा सावकाश पुढे घेतात. तबकडी किंगपिनापासून सुटल्यावर लगेच थांबून ट्रेलर आपल्या पायांवर नीट उभा आहे, हे पाहतात आणि मगच घोडा पूर्णपणे बाहेर काढतात.

यानंतर तबकडीवरील जुने ग्रीज खरवडून काढतात. सांगाड्यावर पायापट्टीच्या कडा कोठे आहेत, हे रंगाने किंवा टोच्याने खुणावून ठेवणे हे या कामातील सर्वांत स्वस्त व सर्वांत अधिक वेळा विसरले जाणारे पाऊल आहे. तबकडी मूळ जागेपासून मागे बसली, तर पुढच्या आसावरील भार कमी होऊन सुकाणूची पकड जाते. ती पुढे बसली, तर पुढच्या आसावर जादा भार येतो आणि वळताना ट्रेलरचा कोपरा चालक-कक्षाला लागू शकतो.

केवळ जबडा किंवा तबकडी बदलायची असल्यास खुरांमधील दोन्ही खिळी काढून तबकडी वर उचलतात. संपूर्ण जोड काढायचा असल्यास पायापट्टीचे बोल्ट सोडवितात. खिळी काढण्यापूर्वी तबकडीचा भार उचलसाधनाने पेललेला असला पाहिजे. खीळ निघताच तबकडी एका बाजूस कलते आणि त्या क्षणी बोटे खूर व तबकडी यांच्या मध्ये सापडण्याचा धोका असतो. तीन किंवा चार ठिकाणी साखळी बांधून तबकडी समतोल ठेवावी लागते. त्यासाठी लोखंडी तिपाई किंवा गर्डरला टांगलेली चेन कुप्पी पुरेशी होते. झाडाची फांदी, पत्र्याच्या छपराची कैची किंवा खोदयंत्राच्या बादलीच्या दातांना अडकविलेली साखळी ही साधने वापरलेली दिसतात. तथापि त्यांची भार पेलण्याची क्षमता कोणी मोजलेली नसते आणि साखळी निसटण्यास वाव असतो. चारपाच माणसांनी तबकडी हातांनी उचलणेही तितकेच अयोग्य होय. ग्रीजने माखलेल्या कडेवर पकड राहत नाही व एकाचा हात सुटला की सर्व भार दुसऱ्यांच्या पाठीवर किंवा पायांवर येतो. उचललेल्या तबकडीखाली कोणीही वाकू नये आणि ती शक्य तितक्या लवकर लाकडी ओंडक्यांवर टेकवावी.

तपासणी : काढलेली तबकडी धुऊन स्वच्छ केल्यावरच तिचे दोष दिसतात. जबड्याच्या आतील कड्याची झीज, पाचरीची चाल, कमानीचा जोर, खुरांतील रबरी किंवा धातूच्या अस्तराची स्थिती आणि पायापट्टीच्या कोपऱ्यांतील भेगा पाहाव्या लागतात. भेग संशयास्पद असल्यास पृष्ठभागावर पातळ तेल लावून, पुसून, वर खडूची पूड टाकतात. भेगेत उरलेले तेल पुडीवर रेघेच्या रूपाने उमटते. ट्रेलरचा किंगपिनही त्याच वेळी मोजतात. ५०.८ मिमी. व्यासाची मान झिजून सु. ४९ मिमी. झाली, की खुंट बदलण्यायोग्य समजतात. नवा जबडा व झिजलेला खुंट किंवा याच्या उलट जोडी झाल्यास नव्या भागाची झीजही लवकर होते.

भेग गेलेला किंगपिन किंवा जबडा वितळजोडाने भरून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. हे भाग उष्णता-संस्कार केलेल्या पोलादाचे असतात. वितळजोडाच्या उष्णतेने त्यांची कठिनता व चिवटपणा यांचा मेळ बिघडतो आणि भाग वरून अखंड दिसत असूनही जोडालगत ठिसूळ होतो.

पुन्हा बसविणे : सांगाडा व पायापट्टी यांचे टेकणारे पृष्ठभाग गंज, जाड रंग व ग्रीज यांपासून मुक्त करतात. मध्ये रंगाचा जाड थर राहिल्यास तो भाराखाली हळूहळू दबतो व बोल्टांचा ताण आपोआप कमी होतो. पायापट्टी जुन्या खुणांवर ठेवून पुढेमागे सरकण्यास अटकाव करणाऱ्या पट्ट्या जशाच्या तशा बसवितात. सांगाड्याच्या वरच्या व खालच्या पाळ्यांना नवी भोके पाडणे किंवा पायापट्टी सांगाड्याला वितळजोडाने चिकटविणे टाळले पाहिजे, कारण सांगाड्याला वाकविणारे ताण पाळ्यांतच सर्वाधिक असतात.

बोल्ट नवे व मूळ प्रतीचेच असावेत. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे उठविलेले असतात. ते त्याच्या पोलादाची ताकद दर्शवितात. आकडा नसलेला बाजारी बोल्ट त्याच मापाचा असला, तरी त्याच ताकदीचा नसतो. हा सांधा बोल्टांच्या आडव्या जोरावर नव्हे, तर बोल्टांनी आवळलेल्या पृष्ठभागांतील घर्षणावर टिकतो. म्हणून बोल्ट केवळ घट्ट असून चालत नाही, तो ठरलेल्या जोराने आवळलेला असावा लागतो. उदा., १६ मिमी. व्यासाच्या ८.८ प्रतीच्या बोल्टाला सु. २०० न्यूटन-मीटर, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाशी सु. २० किग्रॅ. इतका जोर लागतो. प्रत्यक्षात उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. आट्यांना तेल लावले असल्यास त्याच जोराने बोल्ट अधिक ताणला जातो, हेही लक्षात घ्यावे लागते. पान्याला लांब नळी घालून अंदाजाने आवळल्यास बोल्ट आपल्या मर्यादेपलीकडे ताणला जातो व पुढे भाराखाली तुटतो. आवळणी समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून, दोनतीन टप्प्यांत करतात. पहिल्या काही भरलेल्या फेऱ्यांनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासतात, कारण नवे पृष्ठभाग एकमेकांत बसताना ताण थोडा उतरतो. खिळींचे अडकाव-बोल्ट शेवटी बसवून तबकडी हाताने झुलवून पाहतात.

जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने मालवाहनांच्या आसांवरील भाराची कमाल मर्यादा वाढविली. त्यापूर्वीची तबकडी बदलून वाढीव भारासाठी वाहन वापरावयाचे असल्यास तबकडीवरील पट्टीत कोरलेली भारक्षमता पाहणे आवश्यक आहे. कायद्याने वाढविलेली मर्यादा जुन्या लोखंडाची ताकद वाढवीत नाही.

जोडणी व पडताळणी : बसविलेल्या तबकडीला ट्रेलर जोडताना त्याचे ब्रेक लावलेले व चाकांना ओंडके घातलेले असावे लागतात. ट्रेलरचा तळपट्ट तबकडीपेक्षा किंचित खाली ठेवतात, म्हणजे घोडा मागे येताना तबकडी त्याखाली घासत शिरून त्यास थोडे उचलते. ट्रेलर उंच राहिला, तर किंगपिन जबड्यात न शिरता त्याच्या वर टेकतो. अशा स्थितीत जबडा बंद झाल्याचा आवाज येतो, दांडाही आत जातो, परंतु सांधा जुळलेला नसतो. सपाट रस्त्यावर असा ट्रेलर काही अंतर बिनबोभाट येतो आणि पहिल्या खोल खड्ड्यात वा घाटाच्या वळणावर सुटतो.

म्हणून आवाजावर विसंबून चालत नाही. ट्रेलरचे ब्रेक लागलेले असताना घोडा पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून पाहतात. त्यानंतर खाली उतरून, विजेरी घेऊन, तीन गोष्टी डोळ्यांनी पाहतात : तबकडी व तळपट्ट यांमध्ये फट नाही, जबडा खुंटाच्या मानेमागे पूर्ण बंद आहे आणि दांडा जागेवर असून त्याचा अडकाव लागलेला आहे. मगच आधारपाय वर घेतात. ही तपासणी काही मिनिटांत होते. कसारा घाटात रेल्वेमार्गाचा चढ ३७ मीटरांना १ मीटर इतका तीव्र असल्याने जड गाड्यांना मागून जादा एंजिने जोडतात. तेथे जोडणे व सोडणे नेमलेले कर्मचारी ठरलेल्या नियमांनी करतात. रस्त्यावर मात्र हीच जबाबदारी बहुधा एकटा चालक किंवा त्याचा सोबती पार पाडतो व त्याचे काम पाहणारा दुसरा कोणी नसतो.

पिकअप वाहनातील पाचवे चाक : अमेरिका व कॅनडा या देशांत पिकअप प्रकारच्या वाहनाच्या हौद्यात लहान पाचवे चाक बसवून राहण्याचे किंवा घोडे वाहण्याचे ट्रेलर ओढतात. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग या सांध्यावर येतो, म्हणून तो मागील आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवतात. हौदा मालासाठी मोकळा हवा असल्यास हा जोड काढावा लागतो. त्याचे वजन ५० ते १५० किग्रॅ. असल्यामुळे माथा व पाया असे दोन भाग वेगळे करून ते उचलतात. हौद्याखाली सांगाड्याला जोडलेले रूळ कायम राहतात आणि पाया त्यांत चार खिळींनी अडकवितात. परत बसविताना प्रत्येक खिळीला अडकाव-कडी लागली आहे, हे पाहणे येथेही अत्यावश्यक असते. शहापूर व मुरबाड भागातील पिकअप वाहने भाजीपाला, दूध, पेंढा, विटा इ. मालाने हौदा भरूनच चालतात. त्यामुळे त्यांत असा जोड आढळत नाही.

ट्रॅक्टर व ट्रॉली : या दोन तालुक्यांत जोड काढण्याबसविण्याचे सर्वांत परिचित उदाहरण ट्रॅक्टरचे होय. दोन चाकी ट्रॉलीही आपल्या भाराचा काही भाग ट्रॅक्टरवर टाकते. पावसाळ्याच्या आरंभी भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरच्या मागील दोन खालच्या दांड्यांमधील भोकांची आडवी पट्टी काढून रोटाव्हेटर जोडतात. कापणीनंतर भाताचे भारे व पुढे वीटभट्टीच्या हंगामात विटा वाहण्यासाठी ट्रॉली पुन्हा येते. ट्रॉली ट्रॅक्टरच्या पक्क्या, खालच्या आकड्यालाच जोडावी. ओढीचा बिंदू मागील आसाच्या उंचीवर वा त्याहून वर गेला, तर चढावर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. आकड्यातील खिळीऐवजी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट घालणे आणि खिळीची अडकाव-कडी न लावणे या दोन सवयींमुळे ट्रॉली सुटते. वाहन लहान असो की मोठे, सांध्याचा नियम एकच राहतो. खीळ योग्य मापाची व प्रतीची असावी, तिला अडकाव असावा आणि निघण्यापूर्वी तो कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असावा.